पाळण्याची परीक्षा

जवसाच्या तेलाचा वास आला की निजामाच्या अमलातलं आमचं भूमचं घर आठवतं. पहिलं लेकरू झालं, तसा माझाच जुना पाळणा माळ्यावरून उतरवला. सुतारानं सांधे आवळून तेल पाजलं, नवी नवार विणली, पिंजाऱ्यानं गादी भरली. तरी बायको अडून बसली, "वाळवीनं खाल्लेला हाय. ह्यात म्या लेकरू घालायची न्हाय." हलवून दाखवावं तर आईनं हात धरला, "रिकामा पाळणा हलवत न्हाईत." सुतार म्हणाला, "मग मालक, तुम्हीच बसा." तेव्हा माझं वजन दोन बैलांएवढं. बसलो. कड्यांची कुरकूर पार शेजारच्या वाशी गावापर्यंत ऐकू गेली असेल, पण पाळणा तसूभर खचला नाही. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मला तर डुलकीच लागली. "अवो, उठा आता," बायको हसत म्हणाली, "लेकराची जागा हाय ती." तेव्हा लेकरासाठी जो उठलो, तो आजतागायत उभाच आहे.