कुत्रीनं मनुका खाल्ल्या तेव्हा

बुद्ध पौर्णिमेच्या सकाळी खिरीसाठी भिजवलेल्या मनुका आमच्या कुत्रीनं वाटीसकट चाटूनपुसून फस्त केल्या. सासूबाईंना त्याचं कौतुकच वाटलं. "नशीबवान हाय माय, सगळ्यायच्या आधी तिलेच भेटलं," त्या म्हणाल्या. मी मात्र हातातलं पातेलं टाकून फोनकडे धावले. रेबीजची सुई द्यायला नेलं होतं, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं की चॉकलेट, कांदा, द्राक्षं, मनुका कुत्र्याला अजिबात द्यायच्या नाहीत, मूत्रपिंडं निकामी होतात.

"मनुका खाऊन कोनी मरते काय वो? बाळंतिणीले देतेत!" सासूबाई हसल्या. कुत्री तर उड्या मारत होती, मग माझं कोण ऐकणार? मला त्या हसण्याचा भयंकर राग आला.

तेवढ्यात शेजारच्या काकू तांब्याभर मिठाचं पाणी घेऊन आल्या. आमच्याकडे फवारणीचं औषध कोणाच्या पोटात गेलं की आधी हाच तांब्या पुढे येतो. सासूबाईंनी तो हातात घेऊन कुत्रीचा जबडा धरलासुद्धा. मी तांब्या हिसकावला आणि अंगणात रिकामा केला. सात वर्षांच्या संसारात त्यांच्या हातून काही हिसकावण्याची ही पहिलीच वेळ. काकूंचं तोंड उघडंच राहिलं.

फोनवर डॉक्टर म्हणाले, "बरं केलंत ताई. मीठ तर आणखी घात करतं. किती खाल्ल्या, कधी खाल्ल्या, कुत्रीचं वजन किती, एवढं सांगा आणि लगेच निघा."

मनुका ओंजळभर, वेळ पाव तासापूर्वीची. वजन? ओसरीत हरभरा मोजायचा काटा होता, पण कुत्री त्यावर ठरेना. शेवटी सासूबाई तिला उचलून काट्यावर चढल्या, मग एकट्या चढल्या, आणि मी मोठ्यानं वजाबाकी केली. कुत्रीच्या वजनाबरोबर सासूबाईंचं इतकी वर्षं गुलदस्त्यात असलेलं वजनही गल्लीला कळलं.

"पाहून काय राह्यली? चाल लवकर!" म्हणत त्या कुत्रीला घेऊन माझ्या स्कूटीवर बसल्या.

दवाखान्यात उलटीचं इंजेक्शन दिल्यावर फुगलेल्या मनुका बाहेर पडल्या. मग सलाईन लावलं. "उद्या परत आणा. लघवी होते का, डोळ्यांत तेल घालून बघा. ती बंद पडली तर अवघड आहे," डॉक्टर म्हणाले. सासूबाईंचा चेहरा उतरला. उंबऱ्याजवळ वाटी त्यांनीच ठेवली होती.

विहारात त्या दिवशी आमची खीर मनुकांशिवायच गेली. कुत्री कोपऱ्यात मलूल पडून होती. संध्याकाळपर्यंत थेंब नाही. सासूबाई तिच्यामागे अंगणभर फिरत होत्या आणि मला तिच्याइतकीच त्यांची काळजी वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुत्री उठली, अंगणात गेली. तिथे लुगड्यावर सासूबाईंच्या कुरडया वाळत होत्या. तिनं दोन गिरक्या घेतल्या आणि बरोबर मधोमध बसून मनसोक्त मुतली.

"मुतली वो, मुतली!" सासूबाईंची आरोळी गल्लीच्या टोकापर्यंत गेली.

रक्ताचा रिपोर्ट पुढे चांगलाच आला, पण आम्ही जिंकलो ते त्या घटकेला. काकू धावत आल्या, लुगडं बघून मटकन बसल्या. "अवं, साऱ्या कुरडया गेल्या की!"

सासूबाईंनी सगळ्यांसमोर मला कवटाळलं. त्या रडत होत्या, मीही रडत होते.

"जाऊ दे वो कुरडया," त्या म्हणाल्या. "मी तर मारलीच होती तिले. माह्या सुनेनं वाचवली."