शनिवारपर्यंत न टिकणाऱ्या गोष्टी

मंगळवारी सकाळी पावणेअकराला अविनाशचा मेसेज आला, ‘नीलाताई, कॉल करू का?’ मी घरूनच ऑनलाइन मीटिंगमध्ये होते. टेबलाखाली फोन धरून मी उत्तर टाकलं, ‘मीटिंग चालू आहे. दोननंतर?’ त्याने अंगठा पाठवला. दोन वाजले, मी आधीच्या रात्रीचा वरणभात गरम करून ओट्यापाशी उभ्याउभ्याच खाल्ला, आणि मग आठवण झाली म्हणून मीच फोन लावला. तो म्हणाला, ‘वंदना गेली, नीलाताई. सकाळी नऊला. हार्ट अटॅक. हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.’ सकाळी मागच्या गल्लीत सायरन वाजला होता. तेव्हा आवाज पलीकडे जाऊ नये म्हणून मी स्वतःला म्यूट केलं होतं, एवढं मला आठवतं.

बायको गेल्याची बातमी सांगायला त्या माणसाने तीन तास वाट पाहिली, कारण मी कामात होते. ह्यात त्याचा काडीचाही दोष नाही. त्या घराला ही शिस्त मीच लावली होती. वंदना जाऊन आता पाच आठवडे झाले, लोक तिच्याबद्दल फार गोड बोलतात, आणि मला ते ऐकवत नाही. म्हणून ही शिस्त कशी लागली ते सांगून टाकते.

पंधरा वर्षांपूर्वी ती दोघं इथे अमेरिकेत, हर्नडनला आली. माझं घर पुढच्या रांगेत, त्यांचं मागच्या, चालत चार मिनिटं. वंदना नागपूरची. तिथे शाळेत आठवी ते दहावीला गणित शिकवायची. इथे नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, त्यामुळे नोकरी करायची परवानगी नाही, गाडी चालवता येत नाही, आणि मुलगी रिया सकाळी आठ ते तीन शाळेत. मी पुण्याची, फटकळ, जिभेला हाड नसलेली. तेव्हा नुकताच माझा घटस्फोट झाला होता आणि मुलगा आठवड्यातून चार दिवस वडिलांकडे असायचा. मला मैत्रीण नको होती. मला कोणीच नको होतं. पण पहिल्याच आठवड्यात दाराची बेल वाजली. ही बाई उन्हात चपला घालून उभी, हातात काही नाही, ओळख ना देख. म्हणाली, ‘मी वंदना. मागे राहते. एक गोष्ट सांगायची होती म्हणून आले. इथे शाळेची बस थांबली की दोन्ही बाजूच्या गाड्या थांबतात, पाहिलं तुम्ही? एक एवढीशी पोरगी रस्ता ओलांडून राहिली आणि अख्खी दुनिया थांबून राहिली. मला लई छान वाटलं बाप्पा.’ मी म्हटलं, ‘हो, कायदा आहे तसा.’ ती म्हणाली, ‘कायदा असला तरी छान आहे नं,’ आणि गेली.

मग ती येतच राहिली. रोज नाही, पण दोन-तीन दिवसांनी एकदा, केव्हाही. आत कधी यायची नाही. पायपुसण्यावर उभी राहून सांगायची, ‘बसत नाही, सांगायला आले,’ आणि खरंच पाच मिनिटांत जायची. काय सांगायची? इंडियन भाजीच्या दुकानात अंबाडी आलीय, हिरवीगार, देठ लाल. पोस्टमन तीन महिने ‘वंडॅना’ म्हणत होता, आज नीट ‘वंदना’ म्हणाला, घरी पाठ करून आला असेल का गं? जिन्याच्या चौथ्या पायरीवर दुपारी बरोब्बर माणूस बसेल एवढं ऊन येतं, तिथे बसून चहा प्यायले. एकदा तर कपडे वाळवायच्या ड्रायरमधून काढलेला गरम टॉवेल छातीशी धरून पळत आली. फेब्रुवारी होता, बाहेर कडाक्याची थंडी, मी दार उघडायला वेळ लावला म्हणून माझ्यावरच चिडली. ‘गार होऊन राहिला नं! लाव गालाला लवकर.’ मी लावला. कोमट झाला होता तोवर, पण मी डोळे मिटून तसाच धरून उभी राहिले होते. आठ महिन्यांत मला कोणी हात लावला नव्हता. हे तिला कळलं की नाही, मला माहीत नाही. ती टॉवेल घेऊन घरी गेली.

मला ती आवडत होती, हे सरळ सांगायला हवं, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल की हिला ती नकोशीच होती. बेल वाजली की मी कपाळाला आठी घालून उठायचे आणि दार उघडेपर्यंत आठी गेलेली असायची. मी तिला ‘बातमीपत्र’ म्हणायचे. ती म्हणायची, ‘तुम्ही पुण्याचे लोक दारावर पाटी का लावून ठेवत नाही, हसण्याची वेळ दहा ते बारा?’

ती सात वर्षं अशी गेली. मग आमच्या कंपनीत माणसं कमी करायला सुरुवात झाली. दर शुक्रवारी कोणाचं ना कोणाचं नाव यादीतून गायब व्हायचं. मुलाचं कॉलेज तोंडावर आलेलं, घरात कमावणारी मी एकटी. त्यातच एका सकाळी क्लायंटसमोर माझं मोठं प्रेझेंटेशन होतं, कॅमेरा चालू, वरचे दोन साहेब ऐकत बसलेले... आणि बेल वाजली. मी दुर्लक्ष केलं. परत वाजली. तिसऱ्यांदा वाजली तेव्हा मला वाटलं, काहीतरी अघटित घडलंय. ‘एक्सक्यूज मी’ म्हणून मी धावत खाली गेले. दारात वंदना, तोंडावर हे एवढं हसू. ‘नीला, चल लवकर, माझ्या मागच्या अंगणात हरणीने पाडस आणलंय. अजून पाय लटपटून राहिले त्याचे.’

मी काय बोलले ते मला शब्द न् शब्द पाठ आहे. मी म्हटलं, ‘वंदना, हे नागपूर नाही. इथे लोकांना कामं असतात. यायच्या आधी मेसेज करत जा.’

सात वर्षं परवानगीअभावी घरात बसलेल्या गणिताच्या बाईंना मी हे ऐकवलं. तिचं हसू एकदम गेलं नाही, हळूहळू गेलं. ‘हो गं, बरोबर आहे तुझं,’ ती म्हणाली. ‘माझ्या ध्यानातच नाही आलं.’ दार तिनेच ओढून घेतलं, आवाज न करता. मी वर जाऊन प्रेझेंटेशन पूर्ण केलं. नोकरी राहिली. संध्याकाळी जाऊन दोन शब्द बोलावेत असं मनात आलं होतं, पण म्हटलं, एवढं काय, समजूतदार आहे ती. आणि होतीच ना समजूतदार, तिथेच तर सगळं घोडं पेंड खातं.

त्यानंतर ती एकदाही बेल वाजवून आली नाही. मेसेज यायचा, ‘येऊ का?’ एवढाच. काय सांगायचंय ते कधी लिहायची नाही. मी कधी ‘ये’ म्हणायचे, बहुतेक वेळा ‘कॉलवर आहे गं, शनिवारी?’ शनिवारी ती यायची, नीट आत येऊन सोफ्यावर बसायची, मी चहा करायचे, आम्ही मुलांच्या नोकऱ्या, छपराची गळती, कोणाकडची मंगळागौर असं बोलायचो. मग मी विचारायचे, ‘अगं, बुधवारी काय सांगणार होतीस?’ ती जरा आठवल्यासारखं करायची. ‘काय होतं बाई... काही खास नव्हतं. आता नाही आठवत.’ मला ते खरंच वाटायचं. गरम टॉवेल शनिवारपर्यंत ठेवता येत नाही, इतकी साधी गोष्ट माझ्या इंजिनियरच्या डोक्यात शिरली नाही. पुढे पुढे मेसेज कमी झाले. तिला परवानगी मिळाली, शाळेत मदतनीस म्हणून काम लागलं, मी मनाला समजावलं की तीही आता बिझी झाली. आणि माझ्या घराची बेल फक्त पार्सलवाले वाजवायला लागले.

तिचा शेवटचा मेसेज शनिवारचा आहे, जायच्या तीन दिवस आधीचा. बऱ्याच महिन्यांनी आलेला. ‘येऊ का?’ मी डेन्टिस्टकडे होते. मी लिहिलं, ‘आज नाही जमत गं, पुढच्या शनिवारी नक्की.’ तिने हसरा चेहरा पाठवला.

बैल गेला नि झोपा केला, अशातली माझी गत. ती गेल्यावर मात्र मी पदर खोचून कामाला लागले. अविनाशच्या जेवणासाठी ऑनलाइन तक्ता केला, कोण कुठल्या दिवशी डबा देणार त्याचा. इथे ही पद्धतच आहे. वर ठळक अक्षरांत सूचनाही लिहिली, ‘कृपया बेल वाजवू नये. दाराबाहेर बर्फाची पेटी (कूलर) ठेवली आहे, डबा त्यात ठेवावा. त्यांना विश्रांतीची गरज आहे.’ सगळ्यांनी ‘किती विचार करतेस गं’ म्हणून माझं कौतुक केलं. रिया शिकागोहून आली होती, दोन आठवडे राहून परत गेली. निघताना मला मिठी मारून म्हणाली, ‘नीला मावशी, मॉम वॉज हॅपी अबाउट, लाइक, एव्हरीथिंग. आय डोन्ट नो हाउ शी डिड इट.’

मला मात्र एकाच प्रश्नाने धरलं होतं. त्या शनिवारी ती काय सांगायला येणार होती? रात्रंदिवस तेच. तिला काही होत होतं का, छातीत दुखत होतं का, की नेहमीचंच काहीतरी... एखादं फूल, एखादा पोस्टमन. दुखण्याचं असतं तर मी अपराधी. आणि फुलाचं असतं तरी मी अपराधीच, उलट जास्तच. गेल्या गुरुवारी दुपारी मी काम बाजूला ठेवलं आणि अविनाशला विचारायचं ठरवलं. फोन हातात घेतला, ‘येऊ का?’ असं टाइप केलं, आणि ते दोन शब्द बघून मला माझीच लाज वाटली. मी ते खोडले, चपला अडकवल्या आणि निघाले.

बेल वाजवल्यावर आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला, मग धावत येणारी पावलं. दार उघडून अविनाश नुसता बघत राहिला. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. ‘काय झालं, नीलाताई?’

‘काही नाही. आले.’

तो बाजूला झाला. मी आत गेले. स्वयंपाकघरात डब्यांची चळत होती, बरेचसे न उघडलेले. पाण्याचा ग्लास मला देताना तो म्हणाला, ‘रिया गेल्यापासून बेल आज पहिल्यांदा वाजली. लोक डबा ठेवून जातात. मला गाडीचा आवाज येतो, मी उठतो, पण दार उघडेपर्यंत गेलेले असतात.’ तक्रार नव्हती ती. सूचना कोणी लिहिली होती ते त्याला माहीत नसावं. मी त्याला सांगितलं. म्हटलं, ‘ते माझंच काम.’ तो म्हणाला, ‘तुम्ही चांगल्यासाठीच केलं.’

मग मी विचारलं. त्या शनिवारी ती काय सांगायला येणार होती?

‘मला म्हणाली होती ती,’ त्याने सांगितलं. ‘तुमचं उत्तर आलं तेव्हा म्हणाली, जाऊ दे, तुलाच सांगते. आणि सांगितलं. हसत होती सांगताना, हे आठवतं मला. मी लॅपटॉपवर होतो. हं हं करत होतो. पाच आठवडे मी डोकं फोडून घेतोय, नीलाताई, मला एक शब्द आठवत नाही. त्या दिवशीचाच नाही... कुठल्याच दिवशीचा. तुम्ही नाही म्हणालात की ती मलाच सांगायची. इतकी वर्षं. आणि माझ्याकडे एकही नाही.’

हे बोलून त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. मला रडू आलं नाही, राग आला, त्याचा आणि माझा सारखाच. त्या शनिवारचं कायमचं गेलं होतं. जगात दोनच माणसांना ते मिळू शकलं असतं, आणि दोघंही कामात होतो.

थोड्या वेळाने तो तसाच पाठमोरा म्हणाला, ‘सुरुवातीला तुमच्याकडे यायची ना ती. पाच-पाच मिनिटं. तेव्हा काय सांगायची?’

मी म्हटलं, ‘अरे, काहीही सांगायची.’

‘तेच,’ तो म्हणाला. खुर्चीवरचे कपडे उचलून त्याने जमिनीवर ठेवले, खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि समोर येऊन बसला, वर्गात बसतात तसा, हात मांडीवर ठेवून. ‘बसा. पहिल्यापासून सांगा.’

मी बसले आणि त्याला शाळेच्या बसचं सांगितलं.