चामड्यावर लिहिलेला निकाल

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. ही वही कुणाच्या हाती पडलीच तर चुका पोटात घालाव्यात. मला बोलायला जमत नाही, म्हणून लिहिते.

त्या दिवशी लॅमिनेशन मशीनचा हिरवा दिवा लागला होता आणि वकीलसाहेबांचं पान माझ्या हातात होतं.

मी गंगाखेडला एका झेरॉक्सच्या दुकानात कामाला आहे. लॅमिनेशन म्हणजे कागद प्लास्टिकच्या पाऊचमध्ये घालायचा आणि तापलेल्या दोन रोलरमधून काढायचा. प्लास्टिक दोन्ही बाजूंनी चिकटतं. मग कागद भिजत नाही, फाटत नाही. आमच्याकडे सातबारा असो की शाळेचा दाखला, जपायचं म्हटलं की लोक लॅमिनेशनच करतात. दसरा झाला होता, ऊसतोडीला निघालेल्या लोकांची रांग लागली होती. सगळ्यांना आधार आणि रेशनकार्ड पक्कं करून हवं होतं.

वकीलसाहेब म्हातारे आहेत, आता कोर्टात जात नाहीत. सकाळी त्यांनी ते पान काउंटरवर ठेवलं. आमचे मालक रफिकभाई म्हणाले, "हा कोणत्या गावचा सातबारा, साहेब?"

"फ्रान्सचा," साहेब हसले. "हैदराबादच्या जुन्या बाजारात रद्दीत सापडला होता मला. तिकडच्या कोर्टाचा निकाल हाय, हातानं लिहिलेला. लय जुना. एका बाईचं फसवून लग्न लावलं होतं. नवऱ्याची पहिली बायको जिवंत होती. कोर्टानं सांगितलं, हे लग्न झालंच न्हाई."

"म्हणजे तलाक."

"न्हाई हो. तलाकात लग्न झालं आणि मोडलं. ह्यात झालंच न्हाई. बाई पहिल्यासारखी मोकळी." त्यांनी पानाच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "ही तिची सही."

मी पिना मारता मारता पाहिलं. बाकीचं अक्षर सुबक होतं. सही मात्र थरथरलेली, नुकतंच लिहायला शिकल्यासारखी. माझ्या नवऱ्यानं दुसरी आणली त्याला अकरा वर्षं झाली. मला कुणी कसला कागद दिला नाही. ते असो.

"हैदराबादच्या एकानं इसार दिलाय," साहेब म्हणाले. इसार म्हणजे सौदा पक्का करायला आधी दिलेले पैसे. "सोमवारी न्यायला येणार हाय. तोवर टिकंल असं करून ठेवा." एवढं बोलून ते बँकेत गेले.

त्यांना जाड फाइल हवी होती, हे नंतर कळलं. आमच्या दुकानात टिकवायचं म्हणजे एकच.

"सुमनबाई, मोठं पाऊच घ्या," रफिकभाई म्हणाले.

मी पान उचललं आणि बोटांना लगेच कळलं. हा कागद नाही. एक बाजू गुळगुळीत, दुसरीवर केसांची बारीक छिद्रं. चामडं होतं ते. माझं माहेर राणीसावरगाव. वरातीआधी हलगीवाले काड्या पेटवून हलगी शेकायचे, ते मी लहानपणापासून पाहिलेलं. शेकलं की चामडं आवळतं.

"भाऊ," मी म्हणाले. रफिकभाई एका मुकादमाशी झेरॉक्सच्या पैशावरून वाद घालत होते. "ओ भाऊ." हे मलाही नीट ऐकू आलं नाही.

"काय झालं? टाका ना!"

रांगेतली बाई म्हणाली, "टाक की गं बाई, आमची गाडी जायलीय तिकडं."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी पान पाऊचमध्ये घातलं आणि मशीनला लावलं.

अर्धं नीट गेलं. मग केस जळाल्याचा वास आला. विस्तवावरच्या पापडासारखं पान आतल्या आत गोळा झालं. रोलर अडकले. रफिकभाईंनी धावत येऊन बटण बंद केलं. ओढून काढलं तेव्हा वरच्या ओळी वाचता येत होत्या, खालचा भाग सुरकुतून गेला होता. प्लास्टिक सोडवायला गेलो तर शाईही त्याच्याबरोबर निघाली. सही राहिली नाही.

साहेबांनी आल्यावर पान उजेडात धरून पाहिलं.

"साहेब, मला कळलं होतं," मी म्हणाले. "चामडं हाय म्हणून."

"मग बोलला का न्हाई तुमी?"

रफिकभाई मधे पडले, "मीच टाका म्हणालो, साहेब." साहेब म्हणाले, चूक त्यांची स्वतःचीच, त्यांनीच नीट सांगायला हवं होतं. मला कुणी रागावलंच नाही. रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्या निकालातली बाई भरल्या कोर्टात बोलली असेल. मला एका रांगेपुढं बोलता आलं नाही.

सोमवारी हैदराबादचा माणूस आला, पान बघून इसार परत मागू लागला. आठ हजार. साहेबांनी ते बायकोच्या डोळ्याच्या ऑपरेशनला घातले होते. त्यांनी मेव्हण्याकडून उसने घेऊन दिले. त्यातले चार हजार रफिकभाईंनी साहेबांना भरून दिले. उरलेले चार माझे, असं मी सांगितलं.

"पगार केवढा, बोलता केवढं!" रफिकभाई म्हणाले. पण ऐकलं त्यांनी. महिन्याला पाचशे ठरले.

आता कुणी काही आणलं की मी आधी बोटानं चाचपते आणि मोठ्यानं विचारते, "हे कशाचं हाय?" लोक हसतात. रफिकभाई म्हणतात, आधारकार्डालाही जात विचारा आता. हसू देत. हाताला कळलेलं तोंडानं सांगितलं नाही, तर ते कळूनही उपयोग नसतो.

काल शेवटचे पाचशे घेऊन साहेबांच्या घरी गेले. त्यांनी न मोजता नोट खिशात घातली.

"फिटलं सगळं, सुमनबाई. आता मनाला लावून घेऊ नका."

"पैसे फिटले, साहेब," मी म्हणाले.