कॉलरच्या आतला बिल्ला

मतं मागायला आलेल्या माणसाचे मी आधी बूट बघतो. सुरेश भागवतच्या बुटांवर धुळीचा कण नव्हता. म्हणजे चार दारंसुद्धा फिरला नव्हता, थेट अच्युतकाकांकडे!

अच्युत पळणिटकर, अवधपुरीतल्या आमच्या सोसायटीतले निवृत्त फिटर. तरुणपणी कारखान्यात युनियनची निवडणूक एकट्याने लढले, हंगामी कामगारांना कायम करा म्हणून. पत्र्याचे बिल्ले काढले होते, वर पाना, खाली नाव. सपशेल आपटले. पण आजही अर्धी सोसायटी त्यांच्या शब्दावर मत देते. आणि या निवडणुकीत प्रश्न मैदानाचा होता: राखायचं, की बिल्डरच्या घशात घालायचं.

"मैदान वाचवायलाच उभा आहे, काका," सुरेश म्हणाला. "पत्रकावर तुमचं नाव आणि तो जुना बिल्ला छापू द्या, बस्स."

रत्नप्रभाकाकू चहा ठेवताना माझ्याकडे बघून पुटपुटल्या, "इतक्या वर्षांत बिल्ल्याला कुणी विचारलं नाही. यालाच बरा आठवला!"

काकांनी तर कपाटातून बिल्ला काढलासुद्धा. भुलले म्हातारबुवा! माझं टाळकं सरकलं.

"माझे बाबा तुमचेच," सुरेश रंगात आला. "छातीवर बिल्ला लावून रोज गेटातून आत जायचे. मान ताठ!"

"छातीवर? गेटातून?"

"सगळ्यांसमोर, काका!"

काकांचा पुढे केलेला हात थांबला. माझा बापही त्याच कारखान्यातला. त्याच्या शर्टाला कॉलरच्या आत गंजाचा डाग होता; आईने घासघास घासला, गेला नाही. मला कळायचं ते कळलं.

"माझा बिल्ला छातीवर एकानेही लावला नाही," काका म्हणाले. "समोरच्या पॅनलचे दादा गेटवर उभे असायचे. लोक कॉलरच्या आत टोचायचे. मी दिसलो की कॉलर जराशी उलटून दाखवायचे, बास."

"मग आत असेल! क्या फर्क पड़ता है, काका?"

"मला पडतो. चल मैदानावर. तिथे कारखान्यातले बाकीचे म्हातारे बसलेत. त्यांच्यासमोर सांग, बाबा कुठल्या शॉपात, कुठल्या खात्यात होते."

सुरेशला एकदम दुसरं काम आठवलं. काकूंनी त्याने आणलेला मिठाईचा डबा त्याच्या हातात परत ठेवला, दोरीसुद्धा न सोडता.

काका मात्र निघालेच. जिन्यात थांबून बिल्ला शर्टावर, बाहेरून, टोचू लागले. पिन मी लावून दिली.