काकूंच्या मोबाइलवर दहावीची जाहिरात

खोपोलीतल्या माझ्या घरमालकीण काकूंचं नाव इथं लिहीत नाही, पण आधी आभार त्यांचेच. मी परभणीकडची एकटी मुलगी, इथं कुणाची ओळख नाही, तरी त्यांनी वरची खोली दिली. दहावी पास आहे, असं मी सांगितलं होतं. शिकलेली आहे, नातीचा अभ्यास घेईल, एवढ्यावर त्या तयार झाल्या. खरं तर माझी शाळा सातवीतच सुटली. चौथीतल्या पोरीची गणितं जमायची, म्हणून निभावलं. पण कळलं तर खोली जाईल, ही धास्ती कायम होती.

कंपनीत पॅकिंगला लागल्यावर वाटलं, खोटं बोललेय ते खरंच करून टाकावं. माझं नेट संपलेलं, म्हणून एका रविवारी काकूंच्या वायफायवर शोधलं: शाळा सुटलेल्यांना दहावी कशी देता येते. झालं! तेव्हापासून निळ्या साडीतली एक बाई माझ्या मागेच लागली. मोबाइलवर गाणं लावा, भाजीची रेसिपी लावा, हिची जाहिरात आधी हजर: "शाळा अर्धवट सुटली? लाजू नका."

आठवड्यानं खाली गेले तर काकूंनी सुनेशी अबोला धरलेला. तीच बाई त्यांच्याही मोबाइलवर आली होती. काकूंची शाळा लहानपणीच सुटली, हे मला त्या दिवशी कळलं. मोबाइल घेतला तेव्हा सगळी माहिती सुनेनं भरलेली. म्हणजे सासू अडाणी, असं तिनंच त्यात लिहिलं असणार, ही काकूंची खात्री. सून बिचारी सांगून थकली, की मोबाइल शिक्षण विचारतच नाही. मग त्या बाईला काय स्वप्न पडलं, म्हणाल्या काकू.

हे माझ्या शोधण्यामुळंच झालं, हे माझ्या लक्षात आलं. गप्प बसले तर खोली राहते, पण सून फुकट बोलणी खाते. दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी काकू तांदूळ निवडत होत्या, तिथं जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. शोधलं मी, वायफाय तुमचं, एकाच घरातल्या म्हणून ती तुमच्याकडंही आली असावी. आणि मी सातवीच.

काकूंनी तांदळातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाल्या, "एवढं घाबरत होतीस होय गं? मी चाळीस वर्सं झाकून ठेवलं, आनि त्या बाईनं दोघींचं एका दमात सांगून टाकलं."

मी खोलीचं विचारलं.

"नातीला भागाकार येतोय ना? मग ऱ्हा की."

सुनेला त्यांनी स्वतः चहा करून नेऊन दिला; माफी म्हणायची ती एवढीच. सुनेनं आमच्या मोबाइलमधल्या जाहिरातींच्या सेटिंग बदलल्या. बाई गेली. आता गुडघ्याचं तेल येतं, आणि ते कुणामुळं, यावर घरात रोज चर्चा. मला मात्र गावाकडच्या आईच्या दुखण्याचं काही शोधायचं म्हटलं, तरी आधी आठवतं, या वायफायवर कोण कोण आहे.

दहावीचा फॉर्म मी भरलाय, कर्जतच्या एका शाळेत जाऊन, माणसांना विचारून. अभ्यासाला बसले की काकू शेजारी येऊन इंग्रजीच्या पुस्तकातली चित्रं बघतात. मला ठेवून घेतलं त्यांनी. एक दिवस ते पुस्तक मी त्यांना वाचायला शिकवणार आहे, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून.