संग्रामपूरच्या विटेवरचा बिबट्या

"बिबट्या बघायला चल," असं वैशाली म्हणाली म्हणून मी निघाले. तो दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे आणि त्याचा फक्त पंजा विटेवर उरलाय, हे तिनं शेगाव स्टेशनवर उतरल्यावर सांगितलं. मैत्रिणी अशाच असतात.

वैशाली प्राण्यांच्या प्राचीन ठशांवर पीएचडी करतेय. ओल्या विटा वाळत पडल्या असताना त्यांवरून जे चालून गेलं, त्याची पावलं भट्टीत भाजून कायमची राहिली. कुत्री, शेळ्या पुष्कळ सापडतात. बिबट्या तिला पहिल्यांदाच मिळाला होता. फोटोवरून तिनं अख्खं प्रकरण लिहून टाकलं होतं. प्रबंध महिन्याभरात द्यायचा होता.

शेगावात कचोरी खाल्ल्याशिवाय हलू नका. तिथून संग्रामपूर एसटीनं तासाभराचं, तिकीट शंभराच्या आत. दिवाळीनंतर जा, म्हणजे दुतर्फा कापसाची वेचणी दिसते आणि समोर निळसर सातपुडा.

वीट संग्रामपूरच्या पुंडलिककाका नावाच्या शेतकऱ्याच्या शेतात निघाली होती. काकूंनी आधी भाकरी, झुणका आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा वाढला, मगच काकांनी वीट आणली. चांगली हातभर लांब. कोपऱ्यात चार बोटं आणि तळवा, जणू जनावर आत्ताच पुढे गेलंय. माझ्या अंगावर काटा आला.

"नखं नाहीत, बघ," वैशाली म्हणाली. "बिबट्या नखं आत ओढून चालतो. कुत्र्याची उमटतात."

काका म्हणाले, "एक डाव आमच्या शांताबाईले दाखवा. जलमभर विटाच पाडून राह्यली ते."

गावाबाहेरच्या भट्टीवर शांताबाई साच्यातून विटा काढत होत्या. त्यांनी आमची वीट उन्हात तिरपी धरून बराच वेळ पाहिली.

"कुत्रं हाये, ताई."

"मग नखं कुठं गेली?" वैशालीनं विचारलं.

शांताबाई उठल्या. त्यांच्या ओल्या विटांवरून सकाळीच एक कुत्रं गेलं होतं, नखांसकट ठसे होते. त्यांनी हात पाण्यात बुडवला आणि एका ठशावरून अलगद फिरवला. नखं बुजली, बोटांचे खड्डे तेवढे राहिले.

"आमी रोजच असं करतो. पाडणारीनं हात फिरवला न यावर. ह्या तिच्या बोटायच्या रेघा."

जुन्या विटेवर खरंच चार फिकट रेघा होत्या. वैशालीनं त्या झीज म्हणून नोंदवल्या होत्या. परतीच्या एसटीत ती खिडकीबाहेर बघत बसली. मला तिच्यासाठी वाईट वाटत होतं आणि शांताबाईंच्या नजरेचं कौतुक मनातून जात नव्हतं.

पुण्यात येऊन तिनं प्रकरण नव्यानं लिहिलं. आता त्यात बिबट्या नाही. ठसा पुसू पाहणारा एक हात आहे, आणि तो ओळखणाऱ्या शांताबाईंचं नाव. हे शांताबाईंना कळवायला तिनं काकांच्या मोबाईलवर फोन लावला तेव्हा मी शेजारीच होते. नावाचं शांताबाईंना फारसं काही वाटलं नाही. त्यांनी एकच विचारलं, "ते वीट मंग लावली का फेकली त्यायनं?"

"लावली. काकांना शेतात गाडलेल्या जुन्या भिंतीतच सापडली ती."

"बरं झालं," शांताबाई म्हणाल्या. "मेहनत वाया नाही गेली तिची."