सगळ्यात कमी कचरा माझा

मंडळी, आज आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये माझं कौतुक झालं! ओला कचरा, सुका कचरा वेगळा करायची मोहीम चालू आहे ना, त्यात सगळ्यात कमी कचरा माझ्या घरातून निघाला. बक्षीस म्हणून कढीपत्त्याचं रोप मिळालं.

सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "काकू, कसं जमवता हो? सांगा की सगळ्यांना."

मग मी डहाणूजवळच्या आमच्या वाढवणचं सांगितलं. साठ सालच्या आसपासचं, माझ्या लहानपणीचं. बाबा होडीतून मासे आणायचे. मासे धुतलेलं पाणी आई मागच्या दारी दुधीच्या वेलाला घालायची. काटे मांजरांना, भाजीची सालं शेजारच्या शेळीला. त्या वेलाला इतके दुधी लागायचे की आई आम्हा भावंडांना पिटाळायची, "जा, चार घरी देऊन या." कचऱ्याचा डबा मी लग्न होऊन मुंबईत आल्यावर पाहिला.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही हसले.

पण खरं कारण सांगायला जीभच रेटली नाही. हे गेल्यापासून मी एक बटाटा चिरते आणि त्याची भाजी दोन्ही वेळेला पुरते. कचरा होणार कुठून? वाढवणला काही उरायचं नाही, कारण खाणारे खूप होते.

रोप खिडकीत ठेवलंय. रविवारी बोंबील आणतेय, चांगले भरपूर. ते धुतलेलं पाणी रोपाला घालेन. डबा भरला तरी चालेल, पहिला नंबर गेला तरी चालेल.

जेवायला कोण येतंय?